स्त्री-शास्त्रज्ञांचा कार्यवेष : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

वेष हा विषय विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येतो. वस्त्रकलेचा इतिहास लिहिला जातो, लोकवेषांची वर्णने गॅझेटियरांतून सापडतात. परंतु काम करणारी व्यक्ती सकाळी घराबाहेर पडताना अमुक वस्त्र का निवडते आणि तमुक का टाळते, हा प्रश्न क्षुल्लक समजून सोडून दिला जातो. पुरुष शास्त्रज्ञाच्या बाबतीत तो काही अंशी क्षुल्लक असेलही. शर्ट व विजार एवढ्यावर त्याचे भागते, आणि त्याच वेषात तो प्रयोगशाळेत, वर्गात, बांधावर आणि वेळप्रसंगी लग्नघरीही वावरू शकतो. स्त्री-शास्त्रज्ञाच्या बाबतीत मात्र या साध्या निवडीत आम्ल, ज्योत, चिखल व जंतू यांच्यापासून मिळणारे संरक्षण, हालचालीची मोकळीक आणि पाहणाऱ्यांच्या मनातील अपेक्षा या सर्वांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ नेहमीच बसतो असे नाही. आणि न बसल्यास त्याची किंमत कधी अवघडलेपणाच्या रूपाने, कधी भाजल्याच्या व्रणाच्या रूपाने आणि क्वचित प्राणांच्या रूपाने द्यावी लागते.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सातारा व सांगली हे दोन जिल्हे विशेष सोयीचे आहेत. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. मधल्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात ऊस, हळद व द्राक्षे यांची शेती आहे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मधील, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मधील; साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे या भागातील मुलींना पदव्युत्तर विज्ञानशिक्षण घरापासून फार दूर न जाता मिळू लागले. मिरजेस वैद्यकाची परंपरा आहे, किर्लोस्करवाडीस यंत्रशाळेची. कराडला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रण करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. एका टापूत एवढ्या तऱ्हेची शास्त्रीय कामे चालत असल्यामुळे वेषाचा प्रश्नही तितक्याच तऱ्हांनी समोर येतो.

प्रथम परंपरेने दिलेल्या वस्त्राचा विचार करू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबीचे, शिवण नसलेले वस्त्र. कासोटा घातल्याने दोन्ही पाय स्वतंत्र होतात. बांध ओलांडणे, विहिरीच्या पायऱ्या उतरणे, ओणवे होऊन भांगलणे या सर्व क्रिया त्यात सुखाने करता येतात. पदर कमरेला खोचला की हात मोकळे. कनवटीला पैसे राहतात, ओटीत शेंगा मावतात; म्हणजे खिशाचीही सोय त्यात होती. थोडक्यात, लुगडे हा श्रमाचा वेष होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात मराठी मुली महाविद्यालयांत व प्रयोगशाळांत जाऊ लागल्या, आणि नेमक्या त्याच काळात सुशिक्षित स्त्रीचा वेष म्हणून पाचवारी गोल साडी रूढ झाली. तीत निऱ्या पायांपुढे मोकळ्या सुटतात, पाऊल आखूड पडते, पदर खांद्यावरून पाठीमागे लोंबतो आणि खिसा कोठेच नाही. ज्या पिढीने श्रमाचे क्षेत्र बदलले त्याच पिढीने श्रमाचा वेष टाकला. गोल साडी हे शिक्षणाचे चिन्ह मानले गेल्यामुळे हे घडले. प्रयोगशाळेस ती योग्य आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे दिसत नाही. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. औंध संस्थानातील एका यंत्रशाळेच्या वसाहतीतून नव्या स्त्रीच्या राहणीची चर्चा महाराष्ट्रभर पोचावी, हाही एक योगायोगच म्हणावयाचा.

कामाकरिता बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या वस्त्राकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहिले याचे एक उदाहरण याच मातीतील आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. पुण्यात शाळेत शिकवावयास जाताना त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकले जाई. म्हणून त्या बरोबर दुसरी साडी नेत आणि शाळेत पोचल्यावर ती नेसत. ही दुसरी साडी हा महाराष्ट्रातील शिक्षित स्त्रीचा पहिला कार्यवेष म्हटला तर अतिशयोक्ती होणार नाही. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी १८८३ साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांच्यापुढील पेच निराळा होता. स्वदेशी वेष सोडावयाचा नाही हा त्यांचा निश्चय होता; परंतु पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत. त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. यात वेषाचे तत्त्व कायम राहिले आणि नेसण बदलली. पुढील शंभर वर्षांत बहुतेक स्त्री-शास्त्रज्ञांनी जी तडजोड केली तिचा नमुना येथेच सापडतो.

कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो प्रथम नाकारला व नंतर काही अटींवर दिला. त्यांपैकी एक अट अशी की, त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले, हे सर्वश्रुत आहे. वेषाच्या दृष्टीने त्या अटीचा अर्थ महत्त्वाचा. स्त्रीने प्रयोगशाळेत असावे, पण दिसू नये, असा तो आहे. अशा अपेक्षेखाली वस्त्र निवडणाऱ्या स्त्रीला रंग, काठ, दागिना यांतील प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि त्या विचारात वस्त्र पेट घेईल की नाही हा मुद्दा सहजच मागे पडतो. पुण्याच्या वेधशाळेत १९४८ पासून काम केलेल्या ॲना मणी यांनी तरुणपणीच खादी स्वीकारली होती. ती राष्ट्रनिष्ठेची खूण होती. परंतु सुती जाड कापड उपकरणशाळेतही सोयीचे असते, हा त्यातील अनपेक्षित लाभ. पॅरिसमध्ये मेरी क्यूरी यांनी १८९५ साली लग्नासाठी गडद निळा पोशाख पसंत केला, तो पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून. डाग लपविणारा रंग निवडण्याचे हे व्यवहारज्ञान कोणत्याही मराठी गृहिणीला चटकन पटेल.

आता द्रव्यांकडे वळणे योग्य होईल, कारण प्रयोगशाळेतील वेषाचा निर्णय वस्तुतः तंतूंच्या रसायनशास्त्रावर अवलंबून असतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो पेटतो, आणि लवकर पेटतो. परंतु वितळत नाही, त्यामुळे जळते वस्त्र अंगापासून दूर करता येते. पॉलिएस्टर सुमारे दोनशे साठ अंशांवर वितळते आणि तो तप्त रस कातडीला चिकटून बसतो. नायलॉनचीही तीच गत. सुती वस्त्राने झालेली भाज आणि कृत्रिम वस्त्राने झालेली भाज यांत म्हणूनच फरक पडतो. लोकर व रेशीम ही प्रथिनमय असल्यामुळे सहजासहजी पेट घेत नाहीत आणि ज्योत दूर केली की बहुधा विझतात. परंतु रेशमी साडी नेसून रसायनाचे प्रात्यक्षिक घेणे कोणास परवडणार? शिवाय अल्कलीने रेशीम नासते आणि नायट्रिक आम्लाचा थेंब पडला की त्यावर पिवळा डाग कायमचा राहतो. सुती कापडाचे वैर सल्फ्यूरिक आम्लाशी आहे. विरल आम्लाचा शिंतोडा उडाला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. पाणी उडून जाऊन आम्ल संहत होते, सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, आणि पुढच्या धुण्यात तेथे भोक पडते. चांगली साडी धुण्यात कशी विरली याचे कोडे घरच्यांना पडते. रसायनाच्या विद्यार्थिनीला ते पडू नये.

सन १९६० नंतर नायलॉन व टेरिलीनच्या साड्या आल्या आणि नोकरदार स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. त्या लवकर वाळत, इस्त्री मागत नसत आणि वर्षानुवर्षे टिकत. पहाटे उठून स्वयंपाक उरकून एस्. टी. गाठणाऱ्या प्राध्यापिकेला याचे मोल किती होते, हे निराळे सांगावयास नको. म्हणजे ज्या साडीने घरातील वेळ वाचविला तीच प्रयोगशाळेतील ज्योतीपुढे अधिक धोक्याची ठरली. हा दोष त्या स्त्रियांचा नव्हे. दोन पाळ्यांचे काम एका वस्त्रात करावे लागण्याचा तो परिणाम होय. धोका केवळ ज्योतीचाही नसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्के असताना कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत म्हणूनच कृत्रिम वस्त्रावर स्थिर विद्युत् साठते; साडी पायांना चिकटते, चटचट आवाज येतो, आणि ईथरसारखा बाष्पशील द्रावक उघडा असल्यास एवढीशी ठिणगीही अनर्थास पुरेशी होते.

हा अनर्थ काल्पनिक नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी शेहरबानो संगजी ही तेवीस वर्षांची संशोधन-सहायिका हवा लागताच पेटणारे टर्शरी ब्यूटिल लिथियम पिचकारीने काढत होती. पिचकारीचा दट्ट्या निसटला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता आणि त्यावर प्रयोगशाळेचा अंगरखा नव्हता. अठरा दिवसांनी तिचे निधन झाले. त्या प्रकरणाने जगभरच्या प्रयोगशाळांना वस्त्राकडे नियमाच्या दृष्टीने पाहावयास लावले.

आपल्याकडे त्या अंगरख्याला सर्रास ‘ॲप्रन’ म्हणतात. ॲप्रन पुरुषी वेषावर बेतलेला आहे हे त्याची लांबी पाहिली तरी कळते. तो गुडघ्यापर्यंत येतो. विजारीवर तेवढे पुरते. साडीचे मात्र निऱ्यांचे निम्मे कापड त्याच्याखाली मोकळेच राहते, आणि सांडलेले द्रव्य बहुधा खालीच ओघळते. पदर ॲप्रनच्या आत घ्यावयाचा तर पाठीवर त्याची गुंडाळी होते. बाहेर ठेवावयाचा तर ॲप्रनचा हेतूच नष्ट होतो. यावर अनुभवाने निघालेला उपाय असा की, पदर खांद्यावर पिनेने बसवून, पाठीमागून पुढे आणून कमरेस घट्ट खोचावा आणि मग वर ॲप्रन चढवावा. पंजाबी ड्रेस रूढ झाल्यावर पुष्कळ अडचण दूर झाली, तरी ओढणीचा प्रश्न उरला. ओढणी काढून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग, पण ती काढण्यास संकोच वाटावा असे वातावरण अनेक ठिकाणी असते. ॲप्रनची बटणे गळ्यापर्यंत लावली की ओढणीची गरज उरत नाही, हा विचार कितीतरी विद्यार्थिनींना ॲप्रन आवडू लागण्याचे खरे कारण असावा.

येथे एक तुलना सुचते. कृष्णाकाठच्या उसाच्या फडात किंवा द्राक्षांच्या बागेत काम करणाऱ्या बायका साडीवर घरातील पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. उसाच्या पाचटाने हात कापू नयेत, औषधाची फवारणी अंगावर येऊ नये, ऊन लागू नये आणि पदर जागच्या जागी राहावा, ही सर्व कामे तो एक शर्ट करतो. ॲप्रनचा शोध या बायकांनी विद्यापीठाच्या साहाय्याशिवाय लावला आहे. किंबहुना त्यांचा शर्ट अनेक ॲप्रनांपेक्षा बरा, कारण तो मनगटापाशी बंद होतो आणि डोक्यावरील फडक्याने केसही आवरलेले असतात.

दागिन्यांच्या बाबतीत रसायनशास्त्र व रूढी यांचा संघर्ष अधिक नाजूक आहे. पारा सोन्याशी संयोग पावतो. पाऱ्याच्या उपकरणाशी काम करताना मंगळसूत्राच्या वाटीला किंवा अंगठीला त्याचा स्पर्श झाला तर सोने पांढरे पडते आणि ते सोनाराकडेच न्यावे लागते. किपच्या उपकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने पायांतील चांदीची जोडवी काळवंडतात. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बांगड्यांमुळे रबरी हातमोजा फाटतो व हात कोपरापर्यंत नीट धुता येत नाहीत. शक्तिमान चुंबकाच्या खोलीत तर साडीची पोलादी पिनही ओढली जाते. तेथे प्रवेशापूर्वी प्रत्येक पिन मोजून काढावी लागते, आणि पिना काढल्या की साडी सुटते. नव्याने लग्न झालेल्या संशोधिकेच्या हातात हिरवा चुडा असतो, तो उतरविण्यास घरी मनाई असते. अशा वेळी ती काही आठवडे उपकरणाचे काम सहकाऱ्यावर सोपवून कागदावरील काम अंगावर घेते. बाहेरून पाहणाऱ्यास ती मागे पडली एवढेच दिसते.

यंत्रशाळेत प्रश्न अधिक उघड होतो, कारण फिरते यंत्र कोणाचीच भीड धरत नाही. येल विद्यापीठात एप्रिल २०११ मध्ये रात्री लेथवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस यंत्रात अडकून तिचा मृत्यू झाला. मोकळी वेणी, पदर व ओढणी या तिन्ही गोष्टींना लेथपाशी मज्जाव असावा हे कोणीही मान्य करील. परंतु भारतीय कायद्याने या प्रश्नाची जी सोडवणूक केली ती लक्षात घेण्याजोगी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील बाविसाव्या कलमानुसार चालू यंत्राची तपासणी विशेष शिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, घट्ट बसणारे कपडे घालून करावयाची होती, आणि चालू यंत्राची सफाई किंवा त्यास तेल देणे ही कामे स्त्रियांस मना होती. धोका सैल कपड्याचा होता. वगळण्यात आली ती स्त्री. घट्ट कपडे घातलेली स्त्री त्या कायदेकर्त्यांच्या कल्पनेतच आली नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कर्मशाळांत आता मुले व मुली दोघांनाही एकाच तऱ्हेचा जाड सुती गणवेष व बंद बूट असतात आणि तेथे हा प्रश्न जवळजवळ मिटलेला आहे. उरतो तो अंबाड्याचा. छिद्रणस्थळावर डोक्यावर कठीण टोप घालावा लागतो आणि तो अंबाड्यावर बसत नाही. खाली सैल वेणी घालून ती कॉलरीच्या आत खोचणे एवढाच उपाय राहतो. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. अशा स्थळी जाणाऱ्या भूशास्त्रज्ञ स्त्रीस कातळाच्या ज्ञानाइतकेच हेही ज्ञान अवगत असावे लागते.

क्षेत्रकार्यात सर्व निकष उलटे होतात. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील जांभ्या कातळावर पावसाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या वनस्पतींपैकी सीतेची आसवे, दवबिंदू इत्यादी अनेक जाती वीतभरही उंच नसतात. त्या पाहावयाच्या तर ओल्या कातळावर गुडघे टेकून, कधी पालथे पडून भिंग लावावे लागते. प्रयोगशाळेत ज्या गुणामुळे सुती वस्त्र श्रेष्ठ ठरले तोच गुण, म्हणजे पाणी धरून ठेवण्याचा, येथे दोष होतो : भिजलेले सुती कापड जड होते, दिवसभर वाळत नाही आणि अंगातील ऊब शोषून घेते. येथे कृत्रिम धाग्याचेच वस्त्र बरे. कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात जळवा असतात. विजारीचे पाय मोज्यांत खोचल्यावाचून तेथे शिरणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय. महाबळेश्वर परिसर मधमाश्यांच्या पालनाकरिता प्रसिद्ध असून तेथील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले. माश्यांजवळ जाताना फिकट रंगाचे, गुळगुळीत पोताचे वस्त्र असावे लागते. गडद व लोकरीच्या वस्त्रावर माश्या अधिक चिडून येतात. त्या दिवशी गजरा नको आणि सुवासिक तेलही नको. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे हळद संशोधन केंद्र आहे. हळदीचे रंगद्रव्य सुती धाग्याला घट्ट धरून बसते आणि साबणाची अल्कली लागताच तांबडे होते. हळदीत काम करणाऱ्या स्त्रीने फिकट रंगाचे सुती वस्त्र घातले तर तिच्या दिवसभराच्या कामाचा नकाशाच त्यावर उमटतो. सुदैवाने ऊन्हात हा डाग पुष्कळसा विरतो. फलटण येथे १९६८ पासून कार्य करणाऱ्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांच्या मार्गदर्शनाखाली जुळी कोकरे देणाऱ्या ‘सुवर्णा’ मेंढीची पैदास झाली. मेंढी धरणे, तिचे वजन करणे, कोकरू उचलणे या कामांत लोंबणारे काहीही अंगावर ठेवून चालत नाही, हे मेंढपाळाच्या घरच्या कोणत्याही बाईस ठाऊक असते.

परंतु क्षेत्रातील सर्वच काम वनस्पतींशी व जनावरांशी नसते. इरावती कर्वे यांनी फलटण व भोवतालच्या गावांचा केलेला अभ्यास १९६५ मध्ये, आणि कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची जाई निंबकर यांच्यासह केलेली पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध झाली. अशा कामात अभ्यासिकेचे मुख्य साधन म्हणजे ओसरीवर बसलेल्या बाईने तिच्याशी मोकळेपणाने बोलणे. जिची जमीन पाण्याखाली गेली ती बाई समोरच्या व्यक्तीला बोलण्यापूर्वी नखशिखान्त न्याहाळते, आणि वेष तिला परका वाटला तर उत्तरे ‘हो’ आणि ‘नाही’ यांवर थांबतात. इरावतीबाई स्वतः कुंकू व मंगळसूत्र वापरीत नसत आणि पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक म्हणून त्या ओळखल्या जात. म्हणजे ग्रामीण विश्वास संपादन करण्यास रूढ वेष हा एकमेव मार्ग आहे असेही नाही. मात्र इरावतीबाईंचे व्यक्तिमत्त्व प्रत्येक नवख्या संशोधिकेजवळ नसते. ती बहुधा साडी किंवा अंगभर पंजाबी ड्रेस निवडते आणि त्यात डोंगरही चढते.

आणखी एक कारण असे आहे की ज्याची नोंद अहवालांत कधी होत नाही. माणदेशाच्या माळावर किंवा कासच्या उघड्या कातळावर दिवसभर स्वच्छतागृह नसते. साडीत स्त्रीला काही आडोसा मिळतो. विजारीत मिळत नाही. त्यामुळे चढणीस सोयीची असूनही विजार टाळणाऱ्या, किंवा विजार घालून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या संशोधिका असतात. उन्हाळ्यात याचा परिणाम मूत्रमार्गाच्या विकारात होतो. हा प्रश्न वेषाचा दिसला तरी वस्तुतः तो क्षेत्रदौऱ्याच्या आखणीचा आहे, आणि दौरा आखणारे प्रमुख बहुधा पुरुष असल्यामुळे तो त्यांच्या यादीत येत नाही.

वैद्यकाचे क्षेत्र या बाबतीत सर्वांत शिस्तबद्ध. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शस्त्रक्रियागृहात स्त्री व पुरुष सारखाच वेष घालतात आणि तेथे वादाला जागा उरत नाही. वाद असतो तो वॉर्डात, मनगटावरील घड्याळ व बांगड्यांपाशी.

आता पाहणाऱ्यांच्या अपेक्षेविषयी थोडे. मंगळयान कक्षेत स्थिरावले तेव्हा, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, रेशमी साड्या नेसलेल्या व केसांत गजरे माळलेल्या स्त्रिया आनंदाने एकमेकींस भेटत असल्याचे एक छायाचित्र जगभर गाजले. शास्त्रज्ञ स्त्री अशीही दिसू शकते याचे अनेकांना अप्रूप वाटले. पुढे अंतराळ संस्थेने स्पष्ट केले की, चित्रातील स्त्रिया प्रशासकीय विभागातील होत्या. मोहिमेत स्त्री-शास्त्रज्ञ पुष्कळ होत्या, पण त्या या नव्हेत. वेषावरून शास्त्रज्ञ ओळखण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी कसा फसतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. साधी सुती साडी नेसलेली प्राध्यापिका ‘ध्येयवादी’ ठरते, चांगली साडी नेसलेली ‘वेळ कोठून मिळतो’ या प्रश्नास पात्र होते, आणि विजार घातलेली ‘पुरुषी’. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखासंबंधी परिपत्रक काढले, आणि मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठी तशाच सूचना दिल्या. दोन्हींत शोभनीयतेचा विचार होता. वर्गातून उठून प्रयोगशाळेत जाणाऱ्या शिक्षिकेच्या ओढणीचे स्पिरिटच्या दिव्यापाशी काय करावे, हा विचार तेथे अभिप्रेत नव्हता. तो तिचा तिने करावयाचा.

प्रत्यक्ष व्यवहारात स्त्रिया हा विचार करतातच. एक जुना सुती जोड विभागातील कपाटात ठेवलेला असतो. घरून येताना एक वेष, कामाला दुसरा. सावित्रीबाईंच्या दुसऱ्या साडीचाच हा अवतार, फक्त कारण बदललेले. परंतु कपडे बदलण्यास बंद खोली लागते, आणि कित्येक जुन्या विज्ञानभवनांच्या आराखड्यात ती नसते. ॲप्रनच्या बाबतीतही थोडे लक्ष दिले तर बरेच साधण्यासारखे आहे. तो नेहमीपेक्षा हातभर लांब असावा, बाह्यांना मनगटापाशी आवळ असावी, आणि शिवलेल्या बटणांऐवजी टिचबटणे असावीत, म्हणजे आम्ल सांडल्यास तो एका झटक्यात उघडता येतो. तो घरच्या धुण्यात, मुलांच्या कपड्यांबरोबर धुतला जाऊ नये. विभागानेच त्याची वेगळी व्यवस्था करावी हे उत्तम. कापड मांजरपाटाचे घेतल्यास ते प्रथम रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. अन्यथा दोन धुण्यांत बाह्या आखडतात आणि मनगटे पुन्हा उघडी पडतात.